स्टिअरिंग फिरवताना ‘टणक्’: रॅक बदलण्याआधी हे तपासा

तुम्ही विचारलंय: 2007 ची हॅचबॅक, पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून ‘टणक्’, आणि गॅरेजवाल्याने थेट रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदलायला सांगितलाय. थोडं थांबा. रॅक फार महाग पडतो, आणि तुम्ही सांगताय तो आवाज बहुतेक रॅकचा नाही.

आधी एवढंच बघा: आवाज उभ्या गाडीत येतो, की चाकं पुढे जात असतानाच?

उभ्या गाडीत येत असेल तर माझा पहिला संशय शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगमधल्या बेअरिंगवर. स्टिअरिंग फिरवलं की स्प्रिंगही चाकाबरोबर वळते. बेअरिंग धूळ-गंजाने जाम झालं की स्प्रिंगचं वरचं टोक अडकतं, खालचं वळत राहतं, पीळ भरतो आणि एकदम सुटतो. हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलला ठेवून घरातल्या कोणाला तरी स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. तुम्ही चाकाच्या वरून स्प्रिंगला बाहेरून तळवा टेकवा. कड्यांमध्ये बोट अजिबात नको. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग सलग वळते. जाम असेल तर क्षणभर काहीच नाही, मग तळव्याला सणसणीत झटका. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नसेल, तर संशय आणखी पक्का. माझ्या गाडीत असाच आवाज होता, तेव्हा मी स्वतः टाय रॉड एंड, लिंक रॉड (स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे छोटे जोड-दांडे) बदलले, अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) केली, आवाज तसाच राहिला. स्प्रिंगवर हात ठेवला तेव्हा पाच मिनिटांत कळलं.

चालत्या गाडीत पूर्ण वळणावर ‘कटकटकट’ असेल आणि वेगाबरोबर ती वाढत असेल, तर संशय एक्सलच्या (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या, चाकाजवळच्या जॉइंटवर. चाकामागचा रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. कटकट सुरू व्हायच्या आत बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो.

कण्हल्यासारखा आवाज असेल तर पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बघा, किंचाळल्यासारखा असेल तर बेल्ट. रॅकची खटखट सहसा खड्ड्यांतून जाताना स्टिअरिंगवर हाताला जाणवते.

एक गोष्ट मात्र आजच करा. मेकॅनिकला लोअर आर्मखाली (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याखाली) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून बॉल जॉइंट (चाक त्या आर्मला जोडणारा गोल सांधा) हलवून बघायला सांगा. तो निसटला तर चाक बाहेर मुडपतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. जॉइंट ढिला निघाला, तर तो बदलेपर्यंत गाडी जागेवरून हलवू नका.