तुटलेला स्क्रू टाकून देऊ नका

प्रश्न : माझे यजमान (वय ४६) इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. कमरेचा मणका सरकल्यामुळे मार्च २०२४ मध्ये खासगी रुग्णालयात ऑपरेशन करून चार स्क्रू आणि दोन रॉड बसवले. खर्च २ लाख ९० हजार झाला. काही मेडिक्लेममधून मिळाले, बाकी पतसंस्थेचं कर्ज. वर्षभर बरे होते. जुलै २०२५ मध्ये पुन्हा कळा सुरू झाल्या आणि एक्स-रेत खालचे दोन्ही स्क्रू तुटलेले दिसले. डॉक्टर म्हणतात, "तुम्ही वजन उचललं असेल." पुन्हा ऑपरेशनचे तीन लाख सांगितलेत. बिलावर फक्त 'इम्प्लांट सेट ९४,०००' एवढंच लिहिलंय, कंपनीचं नाव सांगत नाहीत. दावा कुणावर करायचा?

उत्तर : ताई, आधी तब्येतीचं बोलते. यजमानांच्या पायातली ताकद कमी होत असेल, पाऊल लोंबत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर नोटीस, वकील सगळं बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा. दाव्यासाठी ऑपरेशन लांबवू नका.

मात्र ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे तुमच्या ताब्यात आलेच पाहिजेत. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे आणि तो मिळण्याची संधी एकदाच येते. ऑपरेशन थिएटरमधून तो जैववैद्यकीय कचऱ्यात गेला, की नंतर कितीही भांडलात तरी परत येत नाही.

याचं कारण नीट समजून घ्या. स्क्रू तुटला म्हणजे तो सदोष होता, असं आपोआप सिद्ध होत नाही. स्लॅबखालचं सेंट्रिंग जसं, तसे हे स्क्रू-रॉड. दोन मणके हाडाने एकमेकांना जुळेपर्यंत त्यांना हलू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. हाड जुळलंच नाही, तर वाकण्या-उठण्याचा भार महिनोन् महिने धातूवर येतो आणि टायटॅनियमसुद्धा कधीतरी तुटतं. तेव्हा धातूच खराब होता, की स्क्रू चुकीचा निवडला किंवा चुकीचा बसवला, की सगळं नीट करूनही हाड जुळलं नाही? पहिल्याला कंपनी जबाबदार, दुसऱ्याला सर्जन आणि रुग्णालय, तिसऱ्याला बहुधा कुणीच नाही. हाड जुळलं का, हे सीटी स्कॅनवर कळतं. तुटलेल्या टोकावरून धातूतला दोष तज्ज्ञ सांगू शकतो. यजमानांना तंबाखू-विडीची सवय असेल तर तुमच्या वकिलापासून लपवू नका. निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो, आणि समोरची बाजू ते काढणारच.

आता तुमचा प्रश्न. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. कलम ८४ खाली निर्मितीतला दोष, रचनेतला दोष किंवा अपुऱ्या सूचना यांसाठी उत्पादक जबाबदार ठरतो. कंपनीचं नाव लपवणं रुग्णालयाला वाटतं तितकं सोयीचं नाही, कारण उत्पादक कोण हेच कळत नसेल तर कलम ८६ प्रमाणे विक्रेत्यावर दायित्व येतं. यावर रुग्णालय म्हणेल, 'आम्ही विक्रेते नाही, आम्ही सेवा देतो, स्क्रू त्या ओघात आला.' कायद्यातल्या व्याख्येत त्या बचावाला जागा आहे, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. म्हणून इम्प्लांटचं वेगळं बिल रुग्णालयाच्या मेडिकलमधून निघालं होतं का, ते शोधा. असेल तर तो बचाव बराच लंगडा पडतो. तक्रारीत उत्पादक, पुरवठादार, रुग्णालय, सर्जन सगळ्यांना सामील करा. मेडिक्लेमचे पैसे होते म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा निकाली काढला आहे.

'वजन उचललं' हा आरोप मात्र हलक्यात घेऊ नका. गैरवापर हा कलम ८७ मधला बचाव आहे. त्याचं उत्तर डिस्चार्ज कार्डात शोधा. वजन किती आणि कधीपर्यंत उचलायचं नाही, कामावर कधी जायचं, हे त्यावर लिहिलंय का? कंपनी म्हणेल, आम्ही सूचना डॉक्टरांना दिल्या होत्या, आणि तज्ज्ञाने वापरायच्या वस्तूंबाबत हा बचाव कायद्याला मान्य आहे. मग त्या सूचना रुग्णापर्यंत का पोचल्या नाहीत, याचं उत्तर डॉक्टरांनाच द्यावं लागेल. कारखान्याचं हजेरीपत्रकही मिळवून ठेवा.

केसपेपरसाठी आजच लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमावलीप्रमाणे डॉक्टरांनी ७२ तासांत कागद द्यायचे असतात. अर्जात ऑपरेशनच्या नोंदी आणि इम्प्लांटचे स्टिकर स्पष्ट मागा. पाकिटावरचं ते छोटं स्टिकर बहुधा केसपेपरला चिकटवलेलं असतं, त्यावर उत्पादक आणि लॉट नंबर असतो. एएसआर या कृत्रिम खुब्याचं प्रकरण आठवतं. तो २०१० मध्ये बाजारातून मागे घेतला गेला. भारतात तशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पण केंद्राच्या समितीला जेमतेम हजारभर रुग्णांचा माग लागला. बाकीच्यांच्या शरीरात काय आहे हे सांगणारा कागदच हाताशी नव्हता. मला त्याचं आजही वाईट वाटतं. स्टिकर मिळालं नाही, तर अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे तक्रार द्या. माल कुणाकडून आला, हे ते तपासू शकतात.

मुदत दोन वर्षांची आहे. तुम्ही ती जुलै २०२५ पासून मोजाल, समोरचे ऑपरेशनच्या तारखेपासून. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, लपलेला दोष कळला त्या दिवसापासून मुदत मोजता येते. पण त्याच निकालात तक्रारदार बाई हरल्या, कारण ऑपरेशननंतर नऊ वर्षं दुखणं सोसूनही त्या मूळ सर्जनकडे परत गेल्या नव्हत्या. म्हणून यजमान मधल्या काळात कधी कधी दाखवायला गेले, त्याच्या चिठ्ठ्या जपा. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात होईल. मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत आहेत, त्यामुळे फी नाही. भरपाई मात्र त्याहून जास्त मागता येते, बुडालेल्या मजुरीसकट. पोलिसांत जायची घाई करू नका. जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) फौजदारी गुन्ह्यासाठी घोर हलगर्जीपणा दाखवावा लागतो, आणि आज तुमच्या हातात तसं काही नाही.

दुसरं ऑपरेशन शक्यतो वेगळ्या सर्जनकडे करा. आधी सरकारी मेडिकल कॉलेजात मत घ्या. दाखल होण्याच्या चार दिवस आधी लेखी अर्ज द्या : काढलेले सगळे तुकडे निर्जंतुक करून, डबीवर नाव-तारीख घालून, सही-शिक्क्यासह आमच्या ताब्यात द्यावेत, आणि हाड जुळलं होतं की नाही हे ऑपरेशनच्या नोंदीत लिहावं. डबी उघडू नका. खासगी प्रयोगशाळेत तुकडा कापून बघायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका, कारण कापलेल्या तुकड्यावर समोरचा पक्ष लगेच हरकत घेईल. कलम ३८ खाली आयोग नमुना सीलबंद करून स्वतः प्रयोगशाळेत पाठवतो, तिथेच ती डबी पहिल्यांदा उघडू दे.