पोलो जीटी खाली करायची आहे: लोअरिंग स्प्रिंग घ्यावेत की कॉइलओव्हर?

तुमचा प्रश्न असा आहे: 2017 ची पोलो जीटी टीएसआय, 70 हजार किलोमीटर झालेले, रोज हिंजवडीला जाणं-येणं आणि अधूनमधून एखादा घाट. चाकावरची फट डोळ्यांत खुपते, वळणावर गाडी कलते तेही आवडत नाही. मग लोअरिंग स्प्रिंगवर, म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगवर भागेल, की थेट कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच घ्यावा?

माझं मत विचाराल तर स्प्रिंग घ्या, पण आखूड शॉकअपसकट. शॉकअपचे पैसे आत्ता हातात नसतील तर यंदा गाडीला हात लावू नका. कॉइलओव्हर तुमच्या वापराला नकोत.

दुकानात सगळी चर्चा स्प्रिंगची होते आणि गाडी बिघडते शॉकअपमुळे. स्प्रिंग वजन पेलते, तिचं हेलकावणं थांबवायचं काम शॉकअपचं. लोअरिंग स्प्रिंग आखूड असते आणि कडकही, कारण चाकाला वर जायला जागा कमी उरते. कडकपणा वाढला की शॉकअपचा विरोधही वाढावा लागतो, पण तेवढ्याच पटीत नाही, तर वर्गमुळाच्या हिशोबाने. स्प्रिंग 30 टक्के कडक झाली तर विरोध साधारण 14 टक्के जास्त लागतो. नवा करकरीत कंपनीचा शॉकअप एवढं निभावून नेतो. तुमचा 70 हजार चाललेला आहे. त्याच्यावर नुसत्या स्प्रिंग चढवल्या तर उड्डाणपुलाच्या प्रत्येक जोडावर गाडी एकदा दबून शांत होणार नाही, डुलत राहील.

दुसरी भानगड बंप स्टॉपची, म्हणजे शॉकअपचा दांडा पार आत गेला की त्याला अडवणाऱ्या रबराची. गाडी 30 मिमी खाली आली म्हणजे शॉकअपचा दांडा उभ्या गाडीतच तेवढा आत गेलेला असतो. खड्डा आला की लगेच रबरावर आपटतो. त्या क्षणी स्प्रिंगचा हिशोब संपतो आणि कडकपणा एकदम उसळतो. सरळ रस्त्यावर नुसता धक्का बसतो, पण वळणात बाहेरच्या चाकावर सगळा भार असताना हे झालं तर टायर पकड सोडतो. ‘गाडी मस्त स्टिफ झाली’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर चाललेली असते. आखूड शॉकअप यासाठीच बनवतात. बिल्स्टीन कंपनीचंच उदाहरण घ्या: बी6 मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी8 लोअरिंग स्प्रिंगसाठी, आणि बी8 व आयबाख कंपनीच्या स्प्रिंग एकत्र हवं तर बी12. कुठल्याही ब्रँडचा घ्या, पण विचारताना ‘लोअरिंग स्प्रिंगसाठीचा आखूड’ असं स्पष्ट विचारा.

आणि बॉक्सवरच्या आकड्याला भुलू नका. आपल्याकडची पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली आहे. ‘30 मिमी’ हे माप तिकडच्या उंचीपासूनचं असतं, त्यामुळे तीच स्प्रिंग इथे गाडी जास्त खाली आणते. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण 165 मिमी. त्यातून 30-35 काढा, मग चार माणसं आणि डिकीत सामान घालून गाडी आणखी बसते ते काढा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलाकार असतो. त्याच्यावरून गाडी सहज जाते. पण सोसायटीच्या गेटापाशी डांबराची नुसती वळकटी टाकलेली असते ना, तिने कोणता नियम वाचलेला नसतो. खाली करण्याआधी तुमच्या रोजच्या रस्त्यावरची सगळ्यात वाईट वळकटी टेपने मोजून या.

आता कॉइलओव्हर. यात शॉकअपच्या नळीवर आटे असतात आणि स्प्रिंगची बैठक फिरवून उंची बदलता येते. पोलोत हे फक्त पुढे लागू पडतं. मागे स्प्रिंग आणि शॉकअप मुळातच वेगवेगळे आहेत, त्यामुळे किटमध्ये मागच्या स्प्रिंगखाली आट्यांची बैठक आणि शेजारी सुटा शॉकअप येतो. किटांमध्येही फरक असतो. केडब्ल्यू कंपनीच्या व्ही1 मध्ये शॉकअपचा विरोध ठरलेला, व्ही2 मध्ये परतीचा (शॉकअप पुन्हा लांब होतानाचा) बदलता येतो, व्ही3 मध्ये दाबाचा (तो दबतानाचा) आणि परतीचा दोन्ही. स्वस्तातल्या किटवर एकच खटका असतो आणि तो दोन्ही एकदम बदलतो.

‘कॉलर (आट्यांवरची ती फिरती बैठक) आवळून स्प्रिंग कडक करून देतो’ असं गॅरेजमध्ये कोणी म्हणालं तर तिथून निघा. कॉलर फिरवल्याने गाडी वर-खाली होते, चालू स्थितीत स्प्रिंगचा कडकपणा होता तेवढाच राहतो. कॉइलओव्हरचा खरा फायदा चारही कोपऱ्यांचं वजन काट्यावर जुळवण्यात आहे, आणि ट्रॅकसाठी एक, रस्त्यासाठी एक अशी उंची ठेवण्यात. तुम्ही ट्रॅकवर जाणार नाही, चार काटे असलेलं गॅरेजही सहज सापडत नाही. बहुतेक लोक एकदा उंची लावतात आणि पुन्हा पाना लावत नाहीत. मग स्प्रिंगच्या काही पट पैसे कशाला मोजायचे? वर पुण्याची धूळ आणि कोकणातला लाल चिखल त्या आट्यांत बसतो. दर पावसाळ्यानंतर नायलॉनच्या ब्रशने साफ करून कॉलर थोडी हलवली नाही तर ती धरून बसते. काही किटांत वरच्या माउंटला रबराऐवजी धातूचा बॉल जॉइंट असतो. ट्रॅकवर तो उत्तम, खड्ड्यांत काही महिन्यांत टकटक सुरू.

आणि फार खाली नेऊ नका, ना स्प्रिंगने ना कॉइलओव्हरने. पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, मूळ उंचीला बाहेरच्या टोकाकडे थोडा उतरता असतो. 50-60 मिमी खाली नेली की तो उलटा, वर चढता होतो. तेव्हा गाडीचा रोल सेंटर, म्हणजे वळणात बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो, बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो, आणि कलायला लावणारा तरफेचा हात लांब होतो. म्हणजे कलणं कमी व्हावं म्हणून खाली केलेली गाडी ते कलणं थोपवायला आणखी कडक स्प्रिंग मागते. तुमच्यासाठी 25 ते 30 पुरे.

कायद्याचं कोणी सांगत नाही, मी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशीलापेक्षा वेगळा ठरणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182ए मध्ये मालकाने केलेल्या अशा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दुकानदार ‘टीयूव्ही सर्टिफिकेट आहे साहेब’ म्हणेल. ते जर्मनीतल्या नोंदणीसाठी असतं, आपल्या आरटीओत त्याचा उपयोग नाही. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या नजरेला पडलं तर विम्याच्या दाव्यात वादाला आयतं कारण मिळतं. हे सगळं धरून ठरवा.

ठरलंच तर फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा. लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पूर्ण आवळू देऊ नका. रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं, मग गाडी खाली ठेवली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, वजन गाडीवर, मग शेवटचा आवळा. स्ट्रटचे (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचे) माउंट आणि बेअरिंग त्याच वेळी नवे टाका, पुन्हा उघडायची मजुरी वाचते. स्प्रिंग बसायला काही दिवस जाऊ द्या, मग व्हील अलाइनमेंट करा, आणि हेडलाइटची उंचीही तपासून घ्या.