पाइप सुटत नाहीये, ई-पाइप घेऊ का?

मागच्या अंकात सिगारेट सोडण्यावर लिहिलं होतं, त्यात ई-पाइपचा उल्लेख एका ओळीत आला होता आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका ओळीवरच. बहुतेक ब्रिटनमधल्या आपल्या लोकांची, त्यातही साठीच्या आसपासच्या, वर्षानुवर्षं पाइप ओढणाऱ्यांची. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम ई-पाइपवर, म्हणजे पाइपच्या आकाराच्या ई-सिगारेटवर. एक आधीच सांगतो, हे सगळं जो आज तंबाखू ओढतोय त्याच्यासाठी आहे, ज्याने कधी ओढलीच नाही त्याने इथे शिरायचं काही कारण नाही. आणि भारतात याच्या विक्रीलाच बंदी आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

प्रश्न : दादा, वय ६३, लेस्टरला राहतो. कॉलेजनंतर पाइप लागला तो आजतागायत आहे, दिवसाला तीन-चार बाउल (पाइपचं तंबाखू भरायचं भांडं) होतात. डेंटिस्टला तोंडात पांढरा चट्टा दिसला, तपासणीत वाईट काही निघालं नाही पण आता हे बंद करा असं स्पष्ट सांगितलंय. मुलगी म्हणते ई-पाइप घ्या. नेटवर बघतो तर वॅट काय, ओम काय, डोकं फिरतं. नक्की कुठला घेऊ?

उत्तर : काका, पहिली गोष्ट, त्या चट्ट्याची पुढची तपासणी अजिबात चुकवू नका, ई-पाइप हे त्यावरचं औषध नाही. पाइपवाल्यांचा एक जुना समज आहे की आपण धूर छातीत घेत नाही म्हणजे आपल्याला काही होणार नाही. अहो, पण तो धूर तोंडात, जिभेवर, घशात मुक्काम करतोच ना, आणि तिथे कॅन्सर होण्याचा धोका पाइपवाल्यांना असतोच. ई-पाइपमध्ये काही जळत नाही, लिक्विड तापून त्याची वाफ होते, त्यामुळे टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. निरुपद्रवी मात्र नाही, आणि हे इथली एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवासुद्धा दोन्ही बाजूंनी सांगते, की धूम्रपानापेक्षा कमी घातक आहे पण जे ओढत नाहीत त्यांनी सुरू करू नये. फायदा होतो तो पूर्ण बदल केला तरच. सकाळी ई-पाइप आणि जेवणानंतर जुना ब्रायर (लाकडी पाइप) असं चालू ठेवलंत तर तोंडाला धूर लागतोच आहे, मग मिळवलं काय.

आता निवडीचं. वॅटचे मोठे आकडे बघून भुलू नका, ७५ वॅट, ८० वॅट हे ढग सोडणाऱ्या पोरांसाठी. तुम्ही पाइप कसा ओढता ते आठवा, छोटे छोटे संथ झुरके, तोंडात घोळवायचे आणि सोडून द्यायचे. त्याला १ ओमच्या (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) वरची कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, लागते आणि १०-१५ वॅट पुरतात, बास. दुकानात मागताना 'माउथ टू लंग' म्हणा, म्हणजे वाफ आधी तोंडात घ्यायचा, घट्ट ओढीचा प्रकार, त्यांना कळतं. हवेचं भोक लहान-मोठं करायची रिंग असेल तर उत्तम, थोडी घट्ट ओढ ठेवली की जुन्या पाइपची आठवण येते.

दुसरं, वजन. फोटोत सगळे ई-पाइप रोझवूडचे वाटतात पण बरेचसे धातूचे असतात, वर लाकडाचा रंग, आणि बॅटरी बाउलमध्ये बसवलेली असल्याने पुढचा भाग जड होतो. पेपर वाचताना दातात धरून बसायची सवय असेल तर ती सुटणार, जबडा दुखायला लागतो. दुकानात जाऊन हातात घेऊन बघा, बटण अंगठ्याखाली सहज येतंय का, स्टेम ओठात कसा बसतोय. ऑनलाइन दोन-चार पाउंड वाचतात पण हे कळत नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कॉइल मिळतात का. ई-पाइप हा मोजक्या गिऱ्हाइकांचा माल आहे, मॉडेल येतं, वर्ष-दोन वर्षांत बंद होतं, मग त्याच्या कॉइल कुठेच मिळत नाहीत आणि चांगला पाइप शोकेसमध्ये जातो. म्हणून ज्याला ५१० थ्रेड आहे असाच घ्या, ५१० हा आटे जोडायचा सगळीकडे चालणारा साइझ आहे, उद्या कंपनीने टँक, म्हणजे लिक्विडची टाकी, बंद केला तरी दुसऱ्या कोणाचा टँक त्यावर बसतो, फक्त तुमच्या बाउलच्या तोंडात मावेल इतका बारीक बघून घ्या.

बॅटरी सुटी निघणारी असेल तर बहुधा १८३५० निघेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ३५ लांब, बाउलमध्ये मावायला आखूड केलेली. नेहमीच्या १८६५० पेक्षा हिचा दम बराच कमी, रोज चार्ज करावी लागेल, म्हणून दोन घ्या, एक वापरात एक चार्जिंगला. पण सुटी बॅटरी खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर टाकायची नाही म्हणजे नाही, शॉर्ट होऊन पेट घेते, प्लास्टिकची डबी मिळते त्यात ठेवा. वरचं प्लास्टिकचं आवरण फाटलेलं दिसलं तर ती वापरू नका, रिसायकलिंगला द्या, व्हेप विकणाऱ्या दुकानांना इथे जुना माल परत घ्यावाच लागतो.

आणि निकोटिन. इथल्या कायद्याप्रमाणे दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर मिळतच नाही, टँकही २ मिलिलिटरचाच आणि निकोटिनची बाटली १० मिलिलिटरची. तीन-चार बाउलवाल्याने साधारण ६ ते १२ च्या मध्ये सुरू करावं असं मला वाटतं. चक्कर, मळमळ आली तर जास्त झालं, आणि दुपारी जुन्या पाइपची तलफ येतेय तर कमी पडतंय, हे बघून पुढच्या बाटलीला बदला. लाजून खूप कमी घेऊ नका, कमी निकोटिनमुळेही लोक परत तंबाखूकडे जातात. बीपी किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर जीपीच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या कानावर घालून मगच.

प्रश्न : एडिंबरावरून लिहितोय. ई-पाइप घेतला, पहिल्याच दिवशी जळकट चव आली, कॉइल बदलली, आता गुडगुड आवाज येतो आणि तोंडात कडू थेंब येतात. माल खराब लागला का?

उत्तर : माल ठीक असावा, घाई झाली. कॉइलमधला कापूस म्हणजे समईतली वात समजा, तेल वर चढायच्या आत पेटवली की वातच जळते आणि एकदा जळली की ती चव जात नाही, कॉइल टाकूनच द्यावी लागते. नवी कॉइल बसवायच्या आधी कापूस दिसतो त्या भोकांवर लिक्विडचे तीन-चार थेंब सोडा, टँक भरा, दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा, मग सगळ्यात कमी वॅटवर सुरुवात करा. तुमच्याकडे थंडीत अजून एक होतं, लिक्विडमधलं व्हीजी म्हणजे ग्लिसरीन घट्ट होतं आणि कापसापर्यंत लवकर पोचत नाही, तेव्हा निम्मं पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल, हे पातळ असतं) निम्मं व्हीजी असलेलं पातळ लिक्विड घ्या आणि पाइप कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

गुडगुड म्हणजे याच्या बरोब्बर उलट, कॉइलमध्ये लिक्विड साचलंय. बहुतेक वेळा जोरात ओढल्याने होतं. विझत आलेला खरा पाइप आपण दोन-चार दणदणीत झुरके मारून पेटवतो, हाताला आणि गालांना ती सवय असते, इथे तसं केलं की लिक्विड नुसतं आत खेचलं जातं. सावकाश ओढा. आत्ता साचलेलं काढायला टँक काढून घ्या, टिश्यूवर धरून टोकाकडून हलकेच फुंका, बघा केवढं निघतं. आणि पाइप टेबलावर आडवा टाकू नका, दोन पाउंडाचा स्टँड आणा आणि बाउलचं तोंड वर राहील असा उभा ठेवा, निम्मी गळती तिथेच थांबते.

प्रश्न : स्लाउ. ई-पाइप घेऊन महिना झाला, चालतो व्यवस्थित, पण खरं सांगू का, मजा येत नाही हो. तंबाखू फ्लेवर म्हणून जे मिळतं ते गोड सिरप लागतं. काय करू?

उत्तर : मजा येत नाही हे अगदी खरंय आणि ते मोकळेपणाने बोललात हे बरं केलंत, कारण लोक गुपचूप परत तंबाखूवर जातात ते इथेच. आधी चवीचं बघू. तुम्ही कॅव्हेंडिशवाले, म्हणजे व्हॅनिला, चेरीचा वास लावलेला तंबाखू ओढणारे असाल तर तुमचं काम सोपं आहे, तशी लिक्विड बऱ्यापैकी जवळ जातात. पण लाटाकियाचा धुरकट कडक वास आवडत असेल तर साध्या लिक्विडमध्ये तो नाही मिळणार. त्यांच्यासाठी खऱ्या पानातून अर्क काढून केलेली लिक्विड असतात, नेट म्हणतात त्यांना, चव खूपच जवळची, पण ती काळपट असतात आणि कॉइलवर थर धरतात, काही दिवसांतच कॉइल बदलावी लागते. माझा सल्ला, रोजला साधं, कमी गोड लिक्विड आणि रात्रीच्या एका निवांत बैठकीला नेट, त्यासाठी वेगळी कॉइल. महिनाभरात जीभही बदलते, धूर थांबला की चव हळूहळू परत येते, आज सपक लागणारं लिक्विड तेव्हा वेगळं लागेल. पाणी मात्र भरपूर प्या, पीजीने तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या जिभेला काहीच लागत नाही.

पण मला वाटतं तुम्हाला चवीपेक्षा दुसरंच काहीतरी कमी पडतंय. पाइपमध्ये ओढणं हे निम्मंच असतं, बाकी निम्मं म्हणजे पाऊच उघडायचा, चिमटीने भरायचा, टॅम्परने दाबायचा, काडी गोल फिरवत पेटवायचा, मधेच विझला की परत पेटवायचा. हातांना काम असतं. आणि मुख्य म्हणजे बाउल संपतो, अर्ध्या-पाऊण तासाने राख पडली की झालं, माणूस उठतो. ई-पाइप संपतच नाही, बटण दाबलं की चालू, म्हणून तो दिवसभर हातात राहतो, न कळत दिवसभर झुरके चालतात आणि मग कशालाच मजा राहत नाही.

म्हणून त्याला शेवट लावून द्या. टँक पूर्ण भरायचा नाही, एका बैठकीपुरतं अर्धा-पाऊण मिलिलिटर घालायचं, कॉइलची भोकं बुडाली पाहिजेत एवढं बघून. भरायचं कामसुद्धा ठरलेल्या खुर्चीत, ठरलेल्या वेळी, सावकाश करा, काच पुसा, हवेची रिंग लावा. गच्चीत, बागेत, चहाबरोबर, जिथे आधी बसायचात तिथेच बसा. झुरका तोंडात घ्या, दोन-तीन सेकंद घोळवा, सोडा, आणि पुढच्या झुरक्याआधी थांबा. पाइपवाल्याला वाफ छातीत भरायची गरजच नाही आणि आजवर धूर छातीत न घेणाऱ्याने ही नवी सवय लावून घेऊ नये, हे मी फार कळकळीने सांगतोय. टँकमधलं कापसाच्या खाली गेलं की बैठक संपली, पाइप स्टँडवर. जमलं तर जुने ब्रायर डोळ्यांसमोरून हलवा, पण फेकू नका म्हणेन, इतक्या वर्षांचा सोबती आहे तो, मुलाकडे ठेवायला द्या.

खर्चाचंही लक्षात ठेवा, १ ऑक्टोबर २०२६ पासून ब्रिटनमध्ये लिक्विडवर दर १० मिलिलिटरला २.२० पाउंड कर ठरलाय, निकोटिन असो वा नसो. तरी तंबाखूपेक्षा स्वस्तच पडेल.

प्रश्न : डिसेंबरमध्ये लग्नाला पुण्याला जातोय, तीन आठवडे. ई-पाइप आणि दोन बाटल्या बॅगेत टाकल्या तर चालेल ना? स्वतःपुरतंच आहे. (रेडिंग)

उत्तर : नाही चालणार. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे, आणि ई-पाइपही त्यातच येतो. आयात-विक्रीला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःपुरतं आहे म्हणून एअरपोर्टवर हुज्जत घालू नका, कस्टम्स जप्त करू शकतं आणि लग्नाच्या गडबडीत ते लफडं कशाला. वाटेत सिंगापूरला थांबणारे असतील त्यांनी तर फारच सांभाळा, तिथे जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

पण पाइप इथे ठेवला म्हणून पुण्यात मेव्हण्याकडून सिगारेट मागायची नाही! निकोटिनची गम किंवा पॅच इथूनच घेऊन जा, २ मिलिग्रॅमची गम तिथेही मेडिकलमध्ये मिळते. जाण्याच्या आठवडाभर आधीपासून दिवसाची एखादी बैठक गमवर काढून बघा, म्हणजे तिथे एकदम जड जाणार नाही. गम चघळत राहायची नसते, चार-पाच वेळा चावून गालात धरून ठेवायची.

प्रश्न : कोल्हापूर. माझा भाचा वीस वर्षांचा, पुण्यात शिकतो, कुठूनतरी व्हेप मिळवलाय, सिगारेट कधी ओढली नाही. म्हणतो यात काही नसतं.

उत्तर : काही नसतं तर दर तासाला हात खिशात का जातो, विचारा त्याला. निकोटिन असतं, आणि चोरट्या बाजारात लेबलवर काय लिहिलंय याला काडीची किंमत नाही, किती मिलिग्रॅम आहे, आत काय मिसळलंय कोणी तपासलेलं नसतं. ओरडू मात्र नका, लपवायला लागेल. मामा म्हणून जवळ बसा, तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६, फोन फुकट आहे, तुम्ही शेजारी बसून लावून द्या.

प्रश्न : मिल्टन कीन्स. सासऱ्यांनी पाइप सोडून ई-पाइप घेतला, आम्हाला आनंदच आहे, पण घरात दोन वर्षांची मुलगी आहे. त्यांना कसं सांगू, आणि खरंच धोका आहे का?

उत्तर : वाफेपेक्षा मला बाटलीची जास्त काळजी आहे. निकोटिनचं लिक्विड हे विष आहे, वास चॉकलेट-व्हॅनिलाचा असतो आणि दोन वर्षांचं मूल सगळं तोंडात घालतं. मुलांना उघडता येऊ नये असं झाकण असतं पण आजोबांनी ते अर्धवट लावलं तर उपयोग शून्य. बाटल्या, भरलेला टँक, सुट्या बॅटऱ्या, सगळं वरच्या कपाटात औषधांच्या डब्यात, कुलूप लावून. भरायचं काम ओट्यावर नको, सांडलं तर लगेच पुसायचं, हात साबणाने धुवायचे. मुलीने चाटलं-प्यायलं अशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट बघू नका, तिला उलटी करायला लावू नका, ताबडतोब १११ ला (एनएचएसचा सल्ल्याचा नंबर) फोन करा, आणि ती गळून गेली, झटके आले, श्वास नीट होत नसेल तर थेट ९९९ (अँब्युलन्स), बाटली बरोबर ठेवा म्हणजे किती मिलिग्रॅम ते सांगता येईल.

वाफ तंबाखूच्या धुराइतकी वाईट नाही, पण तिच्यातही निकोटिन असतं, तेव्हा मुलीच्या खोलीत आणि गाडीत नको, बागेत किंवा मागच्या दारात ठीक. सासऱ्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा तुमच्या नवऱ्याने सांगितलेलं बरं, आणि सुरुवात तक्रारीने नको. बाबा, तुम्ही एवढ्या वर्षांचा पाइप सोडलात, मोठी गोष्ट आहे, आता छोटीसाठी बाटल्यांना कुलूप लावून देतो, किल्ली तुमच्याकडेच राहू दे, असं म्हणायचं आणि त्याच दिवशी कपाटाला कडी बसवून घ्यायची.