चादर ट्रेकवर (लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालताना) पायाची बोटं बधिर झाली, तर ते फ्रॉस्टनिप की फ्रॉस्टबाइट? शेकोटीवर शेकलं तर चालेल का?

शेकोटीचं उत्तर आधी देतो: अजिबात नको. बधिर बोटाला चटका कळत नाही, त्यामुळे गोठलेली कातडी वरून भाजून निघते. बर्फ चोळणं, मालिश करणं हेही तितकंच घातक.

फ्रॉस्टनिपमध्ये रक्तवाहिन्या आखडतात, कातडी फिकट आणि बधिर होते, पण आतला भाग गोठत नाही. फ्रॉस्टबाइटमध्ये पेशींच्या आसपास खरोखर बर्फाचे कण तयार होतात. नेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या रंगावर ती जागा राखाडी किंवा पिवळट, मेणचट दिसते आणि हेडलॅम्पच्या उजेडात तेही नीट कळत नाही. म्हणून हाताने दाबून बघा. कातडी मऊ असेल तर बहुधा फ्रॉस्टनिप. लाकडासारखी टणक लागली तर फ्रॉस्टबाइट धरून चाला.

शंका असेल तर वाऱ्याच्या आड बसा, ओले मोजे काढा आणि पाय सोबत्याच्या काखेत किंवा पोटाशी दहा मिनिटं धरा. झिणझिण्या, ठणका येऊन संवेदना परतली तर कोरडे मोजे घालून निघा. नाही परतली तर त्या दिवसाचा ट्रेक संपला. आधी खूप दुखत होतं आणि आता दुखायचं थांबलं, याला लोक सुधारणा समजतात. खरं तर ती धोक्याची खूण.

टणक झालेला पाय वाटेत वितळवू नका. वितळून पुन्हा गोठला तर न वितळवता चालण्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं. पुन्हा गोठणार नाही अशी जागा मिळाली की पाय ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा. थर्मामीटर नसेल तर दुसऱ्याने कोपर बुडवून बघायचं, सुखद कोमट लागलं पाहिजे. पाणी पटकन गार होतं. गरम पाणी ओतताना पाय बाहेर काढा. कातडी मऊ होईपर्यंत, साधारण अर्धा तास लागतो. दुखतं खूप. आयबुप्रोफेन चालत असेल तर ४०० मिलिग्रॅम घ्या. मग बोटांच्या मध्ये कोरडा कापूस ठेवून सैल पट्टी बांधा, आणि फोड फोडू नका.

बहुतेकांचं बिघडतं ते बुटात. गमबूट घट्ट असताना दोन जाड मोजे कोंबले की रक्तच पोचत नाही. गमबुटातून हवा खेळत नाही, मोजे घामानेच भिजतात. दुपारी एकदा बदला. बूट एक साइज मोठा घ्या, बोटं आत हलली पाहिजेत. सिगारेट, तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, आणि 'थंडीवर उपाय' म्हणून घेतलेली रम अंगातली ऊब बाहेर सोडते.

स्वच्छ पाण्याचे फोड आले तर दुखापत बहुधा वरवरची, रक्ताचे आले तर खोल. दोन्हीत लेहचं रुग्णालय गाठा. रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारं औषध वितळल्यापासून साधारण २४ तासांतच उपयोगी पडतं, आणि ते फक्त मोठ्या रुग्णालयात देतात. बोट काळं पडलं म्हणून कुणी लगेच कापायला निघालं, तर जंतुसंसर्ग आहे का ते विचारा. नसेल तर कुठवर मेलंय हे स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर सहसा थांबतात.