तुमचे प्रश्न : अभिषिक्त कोण, देव की माणूस?

प्रश्न : पाळकसाहेब, सप्रेम सलाम. मी परतूरची, सध्या संभाजीनगरला एम. ए. करते. नाताळाच्या आदल्या आठवड्यात होस्टेलवर यशयाचा नववा अध्याय वाचत होते, 'अद्भुत मंत्री, समर्थ देव'. माझी खोलीतली मैत्रीण इतिहासाची विद्यार्थिनी. ती म्हणाली, "हे पुस्तक यहुद्यांचं, आणि ते तर मशीहाला माणूसच मानतात. मग तुम्ही त्यात देव कुठून आणला?" मला उत्तर देता आलं नाही. मंडळीतल्या एका काकांना विचारलं, तर म्हणाले, "यहुद्यांच्या डोळ्यांवर पडदा आहे, तू वादात पडू नको." ते काही मनाला पटलं नाही. जुन्या करारात मशीहा नेमका कोण आहे?
एक वाचक, परतूर

उत्तर : बाळ, सलाम. तुझ्या मैत्रिणीचं निम्म्याहून जास्त बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. आणि 'पडद्या'चं म्हणशील, तर तरुणपणी ते वाक्य मीही प्रवचनात ठासून वापरलेलं आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या लोकांनी हे शास्त्र अक्षर अक्षर मोजून जपलं, त्यांना ते वाचता येत नाही असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?

माझं आजोळ जालन्याजवळचं बेथेल. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका रविवारी संडे स्कूलात याकोबाची गोष्ट झाली : उशाला दगड घेऊन झोपला, स्वप्नात शिडी पाहिली, सकाळी त्या दगडावर तेल ओतलं आणि जागेचं नाव ठेवलं बेथेल, देवाचं घर. मला वाटलं, ते बेथेल म्हणजे आमचंच. घरी आलो, चुलीजवळची करडीच्या तेलाची बरणी उचलली आणि विहिरीजवळच्या एका दगडावर पालथी केली. आजीनं पाठीत धपाटा घातला, कारण ते तेल पंधरा दिवस पुरवायचं होतं. मग ती दगडाजवळ उकिडवी बसली, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दगड हाय तसाच हाय की रं. निस्ता काळा पडला." खरंच काळाभोर चकाकत होता, मुंग्या लागायला सुरुवात झाली होती. पण त्या दिवसानंतर आजीनं त्या दगडावर कधी धुणं आपटलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला आपटू दिलं नाही.

पुढं इब्री, म्हणजे हिब्रू, शिकायला बसलो तेव्हा उत्पत्ती ३१:१३ समोर आलं. देव याकोबाला म्हणतो, ज्या बेथेलात तू स्तंभाला अभिषेक केलास, त्या बेथेलचा मी देव. अभिषेक करणं याला इब्रीत 'माशाख' हे क्रियापद आहे, आणि ते शास्त्रात पहिल्यांदा येतं ते इथं, एका दगडासाठी. त्याच धातूपासून 'माशिआख', म्हणजे तेल लावलेला, अभिषिक्त. आपला 'मशीहा' तो हाच. ग्रीक भाषेत त्याचं भाषांतर 'ख्रिस्तोस' झालं.

आमच्या शिक्षकांनी एक काम दिलं होतं : हे नाम जिथं जिथं येतं, तिथं लाल पेन्सिलीनं खूण करा. चाळिसेक जागा निघाल्या. मला वाटलं होतं, खुणा यशयात आणि मीखात दाटीनं पडतील. पडल्या भलतीकडेच. लेवीय चौथ्या अध्यायात 'अभिषिक्त याजक' आहे, आणि तिथं नियम कशाचा, तर त्याच्या हातून पाप घडलं तर काय करायचं याचा. शमुवेलाच्या पुस्तकात शौल राजा आहे. गुहेत तो दाविदाच्या हाती सापडतो, पण दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो आणि म्हणतो, परमेश्वराच्या अभिषिक्तावर मी हात टाकणार नाही. शौल तेव्हा त्याच्या जिवावर उठलेला होता, तरीही. तेल लागलेल्या दगडावर आजी धुणं आपटत नव्हती, तसंच हे. विलापगीत ४:२० वाचताना माझा हात थांबला : आमच्या नाकातला श्वास, परमेश्वराचा अभिषिक्त, शत्रूंच्या खड्ड्यात सापडला. यरुशलेम पडल्यावरचं ते रडणं आहे. तो मशीहा पकडला गेला.

आणि यशयात? सगळ्या यशयात हे नाम एकदाच येतं, ४५:१ मध्ये, आणि तेही कोरेशासाठी. म्हणजे इ. स. पूर्व ५३९ मध्ये बाबेल जिंकणारा पारसाचा राजा. परजातीचा माणूस! पुढच्याच ओळींत देव त्याला म्हणतो की तू मला ओळखत नाहीस. तरी तो 'माझा अभिषिक्त'. यशया ९, यशया ११, मीखा ५, यिर्मया २३ ही आपली नाताळाची वचनं, पण त्यांत मशीहा हा शब्दच नाही. तिथं आहे दाविदाच्या घराण्यातला येणारा राजा. पुढच्या पिढ्यांनी त्या राजाला हे नाव दिलं.

तेव्हा शब्दाचं उत्तर सरळ आहे : माणूस. ज्याच्यावर देवानं हात ठेवला असा माणूस. २ शमुवेल ७ मध्ये देव दाविदाच्या वंशजाविषयी म्हणतो, मी त्याचा पिता होईन, तो माझा पुत्र होईल. हे आपण मोठ्यानं वाचतो. त्याच वचनाचा पुढचा भाग, की त्यानं अपराध केला तर मी त्याला काठीनं शिक्षा करीन, तो आपण गिळतो. 'देवाचा पुत्र' ही तिथं राजाची पदवी आहे.

आता तुझा यशया ९, जिथं जन्मलेल्या एका मुलाला ती नावं दिली आहेत. मैत्रिणीला एक गोष्ट दाखव : पुष्कळ इब्री नावांत देवाचं नाव असतं. एलिया म्हणजे 'परमेश्वर माझा देव', म्हणून कुणी एलियाला देव म्हटलं नाही. आपल्याकडे घरोघरी देवराव आणि भगवानराव आहेतच की. यिर्मया २३:६ मध्ये येणाऱ्या राजाचं नाव 'परमेश्वर आमची नीतिमत्ता', आणि ३३:१६ मध्ये तेच नाव यरुशलेम नगरीला दिलंय. अकराव्या शतकातले थोर यहुदी भाष्यकार राशी यशयाचं हे वचन असं लावतात की अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, अशा देवानं त्या मुलाचं नाव 'शांतीचा अधिपती' ठेवलं, आणि तो मुलगा म्हणजे हिज्कीया राजा. व्याकरणाला धरून असं वाचता येतं.

पण तुझ्या मैत्रिणीला दुसरी बाजूही दाखव, नाहीतर तो अन्याय होईल. 'एल गिब्बोर', समर्थ देव, हे शब्द यशया लगेच पुढच्या अध्यायात, १०:२१ मध्ये, खुद्द परमेश्वरासाठी वापरतो. एवढं जड नाव एका लेकराच्या अंगावर घालताना संदेष्ट्याला त्याचं वजन कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. स्तोत्र ४५ तर राजाच्या लग्नाचं गाणं. त्यात राजाकडे तोंड करून म्हटलंय, हे देवा, तुझं सिंहासन युगानुयुगाचं. आणि लगेच पुढं, देवानं, तुझ्या देवानं, तुला हर्षाच्या तेलानं अभिषेक केला. राजाला देव म्हटलं, पण त्याच्यावर त्याचा देव आहेच.

सगळ्यांत उंच जाते ती दानीएल ७:१३ ची ओळ, आणि ती इब्रीत नाही, अरामी भाषेत आहे. मनुष्याच्या पुत्रासारखा कुणी आकाशातल्या मेघांसह येतो. मेघांवर स्वार होणं हे स्तोत्रांत परमेश्वराचं काम. त्याच अध्यायात अर्थही दिलाय : राज्य परात्पराच्या पवित्र जनांना मिळतं. म्हणजे तो एक जण, की सगळी प्रजा? या दृष्टान्तावर यहुदी गुरूंमध्येही कडाक्याचं भांडण झालं. त्या दृष्टान्तात आसनं अनेक का, यावर रब्बी अकिवा म्हणाले, एक देवाचं आणि एक दाविदाचं. त्यावर रब्बी योसे कडाडले, देवाच्या तेजाला किती काळ असं हलकं करणार? ताल्मुदानं, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथानं, दोन्ही मतं जपून ठेवली आहेत.

पुढं त्याच अकिवांनी रोमी सत्तेविरुद्ध इ. स. १३२ ते १३५ मध्ये लढलेल्या बार कोखबाला मशीहा मानलं. तो हाडामांसाचा सेनापती होता, आणि लढाईत मेला. बाराव्या शतकात यहुदी पंडित मैमोनिदीसांनी स्पष्ट लिहिलं, की मशीहा राजानं चमत्कार दाखवायची गरज नाही. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी बंद राहणाऱ्या तेलाच्या घाण्यामुळं लोक 'शनिवार तेली' म्हणत, तेही याच आशेचे वारस. त्यांचा मशीहा माणूस आहे, यात डोळ्यांवर पडदा कुठं आला?

मग आपण येशूला देव म्हणतो ते कशावरून? बाळ, मी चाळीस वर्षं पुलपिटावर उभा राहिलो आणि तो माझा प्रभू आहे हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण शिष्य यशयाचा नववा अध्याय सोडवून त्या उत्तराला पोचले नाहीत. थोमानं उठलेल्या येशूच्या जखमा पाहिल्या आणि म्हणाला, माझा प्रभू, माझा देव. पौल रोमकरांस पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो : देहानं दाविदाच्या वंशातला, आणि मेलेल्यांतून उठण्यानं देवाचा पुत्र ठरलेला. आधी ते पुनरुत्थान, मग ते जुन्या वचनांकडे मागं वळले, आणि तेव्हा त्यांना 'समर्थ देव' या शब्दांत आधी न दिसलेलं दिसलं. ज्यानं ती कबर मोकळी मानली नाही, त्याला ते दिसावं अशी सक्ती आपण करू शकत नाही. मैत्रिणीला हे जसंच्या तसं सांग. आपली श्रद्धा त्यानं उणी होत नाही.

नाताळाच्या उपासनेत ते वचन वाचायचं की नाही, असं तू विचारलं नाहीस, पण मनात आलं असेल. वाच, मोठ्यानं वाच. जमलं तर पंडिता रमाबाईंचं भाषांतरही शोध. त्या बाईंनी त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकून घेतलं होतं. आणि ग्रंथालयात दोघी मिळून इब्री प्रत उघडाल, तेव्हा एक लक्षात ठेवा : आपलं यशया ९:६ तिथं ९:५ वर आहे. मी पहिल्यांदा शोधताना अर्धा तास चुकीच्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो.