एकाने विचारलंय: आयर्लंडच्या डिंगल गावात अर्धाच दिवस आहे. स्ली हेडच्या समुद्रकाठच्या रस्त्याची फेरी करावी, की ती नुसती पडकी घरं आणि दगड?

'नुसती पडकी घरं' वाचलं आणि लिहायला बसलो. माझा थोरला भाऊ फोनवर हेच म्हणाला होता, "त्यासाठी आयर्लंड कशाला? गावाला फुकट आहेत."

करा. डिंगलहून डिंगलला साधारण ४७ किलोमीटर, अर्ध्या दिवसात होतं.

मी बाबांना घेऊन गेलो होतो. वय ७६, मूळचे राजापूरकडचे. वाटेतल्या फाहनला दुष्काळाच्या काळातलं एक घर थोडे युरो देऊन बघता येतं. मी आत शिरलो, बाबा बाहेरच थांबले. समोरच्या उतारावर गवताखाली बटाट्याचे जुने सरी-वरंबे दिसत होते. १८४५ला बटाट्यावर करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत देशात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली, हे मी त्यांना सांगत होतो. त्यांचं लक्ष उताराकडे. "हे आपलं वरकस रे. नाचणीच्या जागी बटाटा, एवढंच." वरकस म्हणजे आमच्याकडची डोंगरउतारावरची हलकी जमीन.

पुढे गॅलरसचं प्रार्थनाघर, उपड्या होडीसारखं. चुना नाही, नुसते रचलेले दगड. बाबांनी भिंतीवर हात फिरवला. "दगड बाहेरच्या अंगाला कललेत, म्हणजे पाणी आत येत नाही. ज्याने गडगा रचलाय त्याला कळतं." पाच मिनिटांनी गाईडने तेच सांगितलं. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता!

त्याआधी डनक्विनला समोर ग्रेट ब्लॅस्केट बेट दिसलं होतं. १९५३ साली तिथली उरलेली २२ माणसं सरकारने किनाऱ्यावर आणली. बाबांनी एकच विचारलं, "शेवटचं दार कोणी ओढून घेतलं असेल?"

भावाला गावच्या घराचे चिरे काढून स्लॅबचा बंगला बांधायचाय. पडकं घर ठेवून करायचं काय, हा त्याचा सवाल. पडवीचं छप्पर बसलंय, मान्य. भिंती उभ्या आहेत ना? तिकडचा शेतकरी तसल्याच भिंतींचं तिकीट लावतो.

हां, गाडी की टूर हे राहिलंच. रस्ता अरुंद आहे, सवय नसेल तर टूरच घ्या. स्वतः चालवणार असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जा, मोठ्या बसही तशाच जातात. पाट्या आयरिशमध्ये असतात. धुकं असेल तर समुद्र विसरा. आणि बोटीने बेटावर जायचं तर अर्धा दिवस पुरणार नाही.

दादा, तू हे वाचणार हे माहीत आहे. मे महिन्यात येतोय, तोवर एकही चिरा हलवू नकोस.