नागपूरच्या थंडीत कारचा हीटर गारच हवा फेकतो, इंजिन मात्र ठीक चालतं. बिघाड कुठे शोधावा?
आधी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी बघा, मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. बहुतेक वेळा दोष या दोघांतच सापडतो. पेट्रोल-डिझेल गाडीत हीटर इंजिनाचीच उष्णता वापरतो: तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा आत ढकलतो. कूलंट कमी झालं किंवा त्यात हवा अडकली की कोअर गारच राहतो. पातळी इंजिन पूर्ण थंड असतानाच बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं.

थर्मोस्टॅट आपल्याकडे मुद्दाम तपासावा, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत गेला की गाडी तापू नये म्हणून काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग डिसेंबरात बरंच चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहतो. हा उपाय मुळात चुकीचा आहे, इंधनही जास्त जातं. नवा बसवूनच घ्या.

काटा मधोमध येत असेल तर हीटर कोअरला जाणारे दोन होजपाइप हात लावून बघा, फिरत्या पंख्यापासून हात जपून:
- दोन्ही गरम: हवा वळवणारा फ्लॅप किंवा त्याची केबल अडकली आहे.
- एक गरम, एक गार: कोअर तुंबला आहे किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे.

कूलंट भरूनही पुन्हा कमी होत असेल तर गळती शोधल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका. इलेक्ट्रिक गाडीला मात्र यातलं बरंचसं लागू नाही. तिचा हीटर विजेवर चालतो.